मांडुळाची सहा पिल्लं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये एक मांडूळ राहायला आलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "याची परवानगी कोणी दिली?" साप विषारी आहे का, चावतो का, रात्री आपण झोपायचं कुठे, हे सगळे प्रश्न आईचे. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि ज्या गोष्टीवर कुणाची तरी सही आहे ती त्यांच्या लेखी निरुपद्रवी असे. शरयूआत्याने पर्समधून कॉलेजचा कागद काढून दाखवला. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, शिपाई गावी जाणार, जनावराला खायला घालायला कुणी नाही, तेव्हा लॅब असिस्टंटने ते घरी न्यावं, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी करून परत दिला आणि पंख्याखाली पेपर वाचायला बसले. अशा रीतीने मांडूळ आमच्या घरात अधिकृत झालं.

ती मादी होती. साडेतीन फुटांची, मनगटाएवढी जाड, तांबूस मातीच्या रंगाची आणि स्वभावाने अतिशय आळशी. शेपूट तोंडासारखंच बोथट. त्यामुळे आमच्या ब्लॉकमधले लोक तिला 'दोमुँही' म्हणत आणि सहा महिने ती या तोंडाने चालते, सहा महिने त्या, असं एकमेकांना पटवून देत. तिची लाकडी पेटी, वर जाळीचं झाकण, आत वीतभर रेती, मधल्या पॅसेजमध्ये ठेवलेली असे. आईने दोन अटी घातल्या होत्या. पेटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही आणि गुरुवारी तिला खायला घालायचं नाही. बाकी आईची तिच्याशी गट्टीच जमली. "वन्सं, तुमच्या जाऊबाई जेवल्या का?" असं ती कणीक मळता मळता आत्याला विचारायची. जाऊबाईंना दहा-बारा दिवसांतून एकदा उंदीर लागायचा. वरच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी, समोरचे बॅनर्जी, सगळे आपापले उंदराचे पिंजरे सकाळी सकाळी आमच्या दाराशी आणून ठेवत. आमच्या शाकाहारी घराला तेवढ्या एका उन्हाळ्यात जो मान मिळाला तो पुढे कधी मिळाला नाही.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर ठेवलेला कूलर दिवसभर घरघरायचा, त्याच्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास पॅसेजभर असायचा आणि रेतीत सरकणाऱ्या मांडुळाचा आवाज दुपारी सगळे झोपले की तेवढा ऐकू यायचा. आई आयएनए मार्केटमधून आमसुलं आणायची आणि रोज सार करायची. दिल्लीचा उन्हाळा आमसुलाशिवाय माणसाने काढूच नये असं तिचं ठाम मत होतं. मी आज गाझियाबादला सातव्या मजल्यावर राहते. इथे सोसायटीत साप निघाला की ग्रुपवर आधी फोटो येतो, मग पन्नास जणांचे हात जोडलेले, मग रागावलेले चेहरे आणि शेवटी कुणीतरी सर्पमित्राला फोन करतं. उंदराचा पिंजरा घेऊन दाराशी कुणी येत नाही.

आत्या बाबांची धाकटी बहीण. मिरजेहून ती आमच्याकडे आली त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून सासरी तिचं जे काय चाललं होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण दोन खोल्यांच्या घरात न सांगितलेलं सगळं कळतं. एवढंच ऐकलं होतं की डॉक्टरांनी दर वेळी तिलाच तपासलं, तिच्या नवऱ्याला एकदाही नाही. लग्नाआधी तिने झूलॉजीत बी.एस्सी. केलं होतं. दिल्लीत आल्यावर त्या पदवीवर एका कॉलेजात तिला लॅब असिस्टंटची तात्पुरती जागा मिळाली. मिरजेहून दर दोन-तीन महिन्यांनी सासऱ्यांचं पत्र यायचं, की झालं गेलं विसरून सूनबाईंनी परत यावं. बाबा ते पत्र मोठ्याने वाचायचे. "शरू, नोकरी कायम झाली तर तू इथे राहा, माझी काही हरकत नाही," ते म्हणायचे. "पण नाही झाली, तर मी त्या लोकांना काय सांगू?" कायम करण्याची मुलाखत ऑगस्टात होती. आत्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका मुलाखतीवर होतं. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि सोळा वर्षांच्या मलासुद्धा माहीत होतं.

मांडुळाची एक नोंदवही होती. हरियाणातल्या कुठल्याशा शेतातून ते कॉलेजात आलं त्या दिवसापासून दीड वर्षाचा एकही दिवस आत्याने सोडला नव्हता. वजन, खाल्लं की नाही, कात टाकली का, पाणी बदललं का, आणि शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द: एकटी. जूनच्या सुरुवातीला आत्या दोन दिवस एका मैत्रिणीच्या घरी गेली, तेव्हा वही माझ्याकडे सोपवून गेली. मी फार खूश झाले. पहिल्याच दिवशी दुपारी पाणी बदललं, झाकणाची तार अडकवायची विसरले आणि रेडिओ ऐकत बसले. संध्याकाळी पेटी रिकामी.  कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला सांगितलं असतं तर तिने ब्लॉक गोळा केला असता. दोन दिवस मी घर, गच्ची, जिना, मागची झुडपं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी पहाटे कूलरखालच्या ओल्या मातीत ती सापडली, अगदी शांत, जशी काही तिथेच राहायची. मी तिला पेटीत ठेवलं, हात धुतले आणि वहीत दोन्ही दिवसांपुढे माझ्या अक्षरात लिहिलं: पेटीत. शांत. एकटी.

कॉलेज उघडलं, पेटी परत गेली, पाऊस आला आणि मी ते विसरूनही गेले. जुलैच्या शेवटच्या शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून आईने माझ्याबरोबर आत्याचा डबा पाठवला. प्रयोगशाळेच्या दारात मुलांची गर्दी होती. मी आत घुसले. पेटीभोवती आत्या, दोन शिपाई आणि बी.एस्सी.ची पोरं. आत रेतीवर मांडूळ पसरलं होतं आणि त्याच्या अंगाशी काहीतरी वळवळत होतं. पातळ, ओलसर, काचेसारख्या पडद्यात गुंडाळलेलं एक पिल्लू. माझ्या डोळ्यांदेखत त्याने नाकाने तो पडदा फाडला आणि बाहेर आलं. वीतभर लांब, नारिंगी, शेपटीकडे काळे पट्टे. मग दुसरं. साप अंडी घालतो एवढंच मला माहीत होतं. पोटातून जिवंत, हलणारी पिल्लं बाहेर पडताना बघून मी हातातला डबा तिथेच टेबलावर ठेवला. सहा पिल्लं झाली आणि शेवटी एक पिवळट, मेणासारखा गोळा आला, न फळलेला. आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती घाबरली होती, हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. माझा हात घट्ट धरून ती मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंजू, हिने कुणाला विचारलं नाही बघ."

मागून एक शिपाई म्हणाला, "मैडम, दामाद जी कहाँ हैं?" आणि सगळी प्रयोगशाळा हसली. पुरुषांनी भरलेल्या खोलीचं ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते सापाला हसत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं. तेवढ्यात विभागप्रमुख आले. माशांचे मोठे अभ्यासक, पांढरा सफारी, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. त्यांनी पेटीत पाहिलं, वही मागवली, पानं उलटली.

"शरयू जी, ये बच्चे आसमान से टपके हैं क्या?"

"नहीं सर. डेढ़ साल से अकेली है. रजिस्टर में रोज़ का लिखा है."

"तो फिर रजिस्टर झूठा है."

आत्या म्हणाली की तिने ग्रंथालयात वाचलंय, काही सापांच्या माद्या नराचं बीज महिनोन् महिने, कधी वर्षंसुद्धा पोटात जपून ठेवतात आणि पिल्लं पुढे कधीतरी होतात. ही शेतातून आली तेव्हाच तिच्या पोटात ते असणार.  साहेब मुलांकडे वळून म्हणाले, "अब लैब असिस्टेंट हमें पढ़ाएगी." पुन्हा हसणं. वही त्यांनी बगलेत मारली आणि गेले. कुणीतरी नर पेटीत सोडला किंवा साप बदलला, आणि ते झाकायला खोट्या नोंदी केल्या, असा ठपका सोमवारी लेखी आला. खुलासा करायला पंधरा दिवस. मुलाखत त्यानंतर.

माझ्या नातीने मागच्याच महिन्यात मला आणखी एक धक्का दिला. ती जीवशास्त्र शिकते. मांडुळाच्याच नात्यातल्या काही सापांत, म्हणे, मादीला कधी कधी नर लागतच नाही, तिच्या एकटीच्या बीजातूनच पिल्लं होतात. आता हे तपासता येतं. "तुमच्या त्या पिल्लांचंही तसंच असेल, आजी, कोण जाणे," ती मोबाइलवर बोट फिरवत म्हणाली आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. एवढी वर्षं झाली, तरी त्या पेटीत काय घडलं हे मला नक्की माहीत नाही. तेव्हा मात्र मला वाटत होतं की जगात फक्त मला माहीत आहे.

कारण मला कूलरखालची ती दोन दिवसांची जागा आठवली होती. आमच्या घरात अशा विषयांवर बोलायची पद्धत नव्हती. माझं सगळं ज्ञान सिनेमातलं आणि वर्गातल्या मुलींच्या कुजबुजीतलं, आणि त्या दोन्ही ठिकाणी एक रात्र पुरे असायची. इथे तर दोन होत्या. जिन्याखालची मांजर दोन महिन्यांत विते हे मी पाहिलं होतं. जूनची सुरुवात ते जुलैची अखेर, म्हणजे जवळजवळ दोन महिने. गणित चोख बसलं. मागच्या झुडपांत कुठला तरी नर आला असणार, आणि आत्या बिचारी काहीतरी पुस्तकी बोलून स्वतःला आणखी गोत्यात घालत होती. तिने दक्षिणेत सापांवर काम करणाऱ्या कुणा अभ्यासकांना पत्र लिहिलं होतं. माझ्याच डिक्शनरीतून शब्द काढून, तीन वेळा खोडून. रोज पोस्टमनची वाट पाहत होती. उत्तर येत नव्हतं. आठवडा गेला.  बाबा एकदा जेवताना म्हणाले, "शरू, जे झालं असेल ते खरं सांगून मोकळी हो. माफी मागितली की सोडतात." आत्या म्हणाली, "दादा, मी खरंच सांगतेय." बाबांनी ताक पिऊन टाकलं आणि उठले. मला त्या ताटावर बसवेना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी सरळ बस धरून कॉलेजात गेले. आत्याला नव्हे, साहेबांना भेटायला. माझा विचार अगदी सोपा होता. चूक माझी, ती मी कबूल केली की आत्या खोटारडी ठरणार नाही. सोळाव्या वर्षी माणूस स्वतःच्या चांगुलपणावर काय भाळतो! साहेब माझ्याशी फार गोड वागले. समोसा मागवला. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसले नाहीत. मग कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "यही सब लिखकर दे दो बेटा. तुम्हारी बुआ का भला हो जाएगा." मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. झाकण उघडं राहिलं, साप दोन दिवस सरकारी क्वार्टरच्या आवारात मोकळा होता, नोंदी मी केल्या, आत्याला माहीत नव्हतं. खाली सही केली. तारीख घातली. बाबांची मुलगी मी, तारीख कशी विसरणार?

त्यांनी आत्याला बोलावलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. दार बंद झालं. आतून आत्याचा आवाज एकदाच चढलेला ऐकू आला, मग नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती, कपाटातल्या वस्तू भरलेली. बसमध्ये तिने माझं तिकीट काढलं आणि खिडकीची जागा मला दिली. घरी आल्यावर तिनेच बाबांना सांगितलं. मुलाखतीला बोलावणार नाहीत. साप हलगर्जीपणाने वस्तीत सोडला, रजिस्टर दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. मला वाटलं, बाबा त्या माणसावर संतापतील. बाबा खुर्चीत बसले आणि हळू म्हणाले, "एक नोंद खोटी निघाली की सगळं रजिस्टर संशयास्पद होतं, शरू. मी असतो तर मीही हेच केलं असतं." माझ्या बाबांनी हे म्हणावं, आणि तेही बरोबर म्हणावं, याचा मला बसलेला धक्का पिल्लं बघितल्याच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होती. मी कुणाचं भलं केलं होतं?

मिरजेला पत्र गेलं. तिकडून तार आली, या म्हणून. जायच्या आदल्या दिवशी दुपारी पोस्टमनने जाड पाकीट आणलं. टाइप केलेली दोन पानं. आत्या पॅसेजमध्ये सामान भरत बसली होती. तिने उभ्या उभ्या वाचलं, मग माझ्या हातात दिलं. "वाच. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

मी वाचलं. सुरुवातीला अभिनंदन होतं. पुढे लिहिलं होतं की एकट्या ठेवलेल्या मादीला इतक्या काळाने पिल्लं होणं अशक्य नाही, पण रोजची नोंद ठेवलेलं असं उदाहरण क्वचित मिळतं. वहीत एकाही दिवसाचा खंड नसेल तर ती छापण्याजोगी आहे, कृपया जपून ठेवावी, जमल्यास नक्कल पाठवावी. शेवटी एक साधं वाक्य होतं. मांडूळ पिल्लं पोटात चार-पाच महिने वाढवतं, तेव्हा काय झालं ते शोधायचं तर उन्हाळ्यात नको, हिवाळ्याच्या अखेरीस शोधा, जेव्हा ती तुमच्या प्रयोगशाळेत बंद होती.

मी बोटांवर मोजलं. जून, जुलै. पुन्हा मोजलं. कूलरखालच्या त्या दोन दिवसांत ती पिल्लं तिच्या पोटात होतीच. दोन-अडीच महिन्यांची होऊन. 

"आत्या, तुला हे माहीत होतं?"

"चार महिन्यांचं? हो. पुस्तकात होतं."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. आत मी तेच सांगत होते. ते म्हणाले, जिचे दोन दिवस खोटे, तिचे पाचशे दिवस खरे कशावरून?" तिने एक साडी झटकून तिची नीट घडी घातली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "ती पळाली होती हे तू मला आधी सांगितलं असतंस, मंजू, तर मीच वहीत लिहिलं असतं. दोन दिवस बाहेर, अमुक ठिकाणी सापडली. काही बिघडलं नसतं."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मी तुझ्यासाठीच गेले गं. सगळे तुला खोटं म्हणत होते. तू खोटी ठरू नयेस म्हणून गेले."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. 

"म्हणजे मी जे सांगत होते, ते तुलाही खरं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. मग ट्रंकेचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून तिने मला त्यावर बसायला सांगितलं. मी बसले आणि तिने कडी घातली.